गळवालीची बाजू

मला गळवाली आवडते. हे मी एका दुपारी आमच्या पडवीत, पाहुण्यांच्या देखत बोलून बसले, आणि त्या घडीपासून घरात माझी जी टर उडवली गेली ती विचारू नका. कोण ही गळवाली ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही हसाल.

ती माझ्या पुतणीच्या कार्टूनमधली दुष्ट बाई. समुद्राकाठचं एक गाव आहे, तिथल्या मुलांकडे उडणारी होडी आहे, आणि त्यांना ताऱ्यांच्या बेटावर जायचंय. दर भागात मुलं होडी काढतात, होडी पाण्यावरून वर उचलली जाते, आणि मागून सूंऽऽ करत एक गळ येतो. होडीच्या शेपटाला अडकतो. किनाऱ्यावर ही बया उभी असते: मान नाही, एक डोळा मोठा, केसांतून पाणी गळतंय, दोन्ही हातांत गळाच्या दोऱ्या. खेचते ती थेट वाळूत आणून आपटते. मुलं रडतात, मग काहीतरी युक्ती करून तिला पळवून लावतात, की संपला भाग. पुतणीने हे सगळं इतक्या वेळा पाहिलंय की मला चुलीपाशी बसून आवाजावरून कळतं, आता गळ आला.

आमच्याकडे पाहुणे उतरतात. भाऊ त्यांना होडीतून फिरवतो, मी रांधते, वहिनी बाकीचं सगळं बघते. त्या दिवशी घाटावरून आलेलं एक कुटुंब होतं, आणि त्यांची मुलं माझ्या पुतणीला चिकटून टॅबवर शेवटचा भाग बघत होती. शेवटच्या भागात गळवालीचा दगड होतो. मुलांनी टाळ्या पिटल्या. मी कढीसाठी सोलं भिजत घालत होते. तोंडातून निघून गेलं, "बिचारी! माका तीच आवडता."

"अहो मावशी, ती व्हिलन आहे!" पाहुण्यांची बाई म्हणाली. "मुलांसमोर असं नका हो बोलू."

"आते, ती वायट आसा," पुतणी डोळे वटारून म्हणाली.

भावाला तर आयतंच मिळालं. उठून उभा राहिला, देवळात गाऱ्हाणं घालतात तसे हात जोडले आणि सुरू झाला, "बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात एक नवी बला उभी ऱ्हवली हा. आमच्या आक्काक गळवालीन झपाटल्यान हा. तर तिचो गळ सोडव, आणि आक्काक बांगडे भाजूक चुलीकडे धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वहिनी ओरडली. मग पाहुण्यांची मुलंही ओरडली, त्यांना अर्थ कळला नव्हता तरी. मीही हसले. भावाचं गाऱ्हाणं ऐकून न हसणारा माणूस मालवणात जन्माला यायचाय.

पण हसून झाल्यावर मी पुतणीला म्हटलं, "जरा मागे घे. होडी उडता थंय थांबव." तिने थांबवलं. "हंय बघ. ह्या कोपऱ्यात काळा काय आसा?"

दूर, जिथे पाणी आणि आभाळ मिळतं तिथे एक काळा डाग होता. पहिल्या भागात तो अंगठ्याच्या नखाएवढा आहे. पुढे पुढे वाढत जातो. शेवटच्या भागात तळहाताएवढा होतो, आणि होडी नेमकी त्याच दिशेने जाते. गळवाली दगड होऊन पडली आहे, खेचायला कुणी नाही, गाणं वाजतंय, होडी त्या काळ्याच्या वर गेली, आणि संपलं. पुढे काय झालं ते कुणी दाखवत नाही. मुलं बेटावर पोचली असं सगळे धरून चालतात.

"ती कधी त्या मुलांका मारूक इली?" मी विचारलं. "जेवण हिसकावून घेतल्यान? घर जाळल्यान? नाय. फक्त मागे खेचता. आणि खेचतानाही तिचो डोळो मुलांवर नसता, त्या काळ्यावर असता. बघा नीट."

"सावली असेल हो," पाहुण्यांची बाई म्हणाली. "चित्रकाराने सहज काढली असेल."

असेलही. मी वाद घातला नाही. पुतणी मात्र टॅब नाकाशी धरून बघत राहिली. तेवढ्यात भाऊ पाहुण्यांना म्हणाला, "फाल्या सकाळी निघूया. डॉल्फिन दाखवतंय तुमका. आणि आमचा बाय नारळ सोडतला." माझ्या हातातलं सोलांचं भांडं तिथेच राहिलं.

आमच्या वाडीत पावसाळा सरल्यावर खाडीचं तोंड कुणी एकट्याने उघडत नाही. चार महिन्यांच्या लाटांनी तोंडाशी असलेला वाळूचा बांध सरकलेला असतो, आणि कुठे सरकलाय ते वरून दिसत नाही. म्हणून आधी ओहोटीला दोन-तीन होड्या मिळून जातात. पुढच्या होडीत एकजण लांब वासा घेऊन उभा राहतो आणि तळ चाचपत चाचपत वाट काढतो. ती वाट सगळ्यांनी पाहिली, की मग पहिल्या फेरीला घरातल्या मुलीच्या हातून नारळ सोडायचा. त्या वर्षी गणपती होऊन मुंबईकर परत गेले होते, पुरुष मंडळी दमून पडली होती, आणि वासा कधी धरायचा ते काही ठरत नव्हतं. आज करू, उद्या करू चाललं होतं. भावाला धीर नव्हता.

"वासो कित्याक होयो?" तो मला चुलीपाशी येऊन म्हणाला. "गेल्या सालची वाट मोबायलात आसा. रेष दिसता. रेषेवरून गेलंय की झाला."

"बापूसय रेषेवरूनच गेलेलो," मी म्हटलं.

त्याने हात झटकला. "तेव्हा मोबायल नव्हतो गो आक्का," म्हणाला आणि गेला.

आमच्या बापाची रेष वेगळी होती. चर्चचा क्रूस आणि पलीकडचा वाकडा माड एका ओळीत आले की होडी सरळ बाहेर काढायची, ही त्याची खूण. कितीतरी वर्षं ती खरी ठरली होती. आई दर वर्षी पावसाळ्यानंतर त्याचं वल्हं लपवायची. खाटेखाली, गवताच्या उडवीत, एकदा तर विहिरीत सोडलं होतं. वासा धरून होईपर्यंत देत नसे. वाडी तिला अवदसा म्हणायची. माणूस धंद्याला निघाला की आडवी येते, म्हणायची. बापूस तिच्यावर ओरडायचा, ती उलट ओरडायची, आणि मला, खरं सांगते, तिची लाज वाटायची. मग एका वर्षी आई कुडाळच्या आठवडा बाजाराला गेली होती. घरात बापाला आडवं यायला कुणी नव्हतं. लख्ख ऊन होतं, समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होता. क्रूस आणि माड त्याने अगदी नीट ओळीत धरले असणार. बांध मात्र सरकला होता.

दुपारी भरतीबरोबर होडी आपली आपण खाडीत परत आली. उलटी. भाऊ तेव्हा माझ्या कडेवर होता, आणि होडीकडे बोट दाखवून हसत होता. आई मिरच्यांची पिशवी घेऊन एसटीतून उतरली. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, पण "मी सांगत होते" असं तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. एवढंच म्हणायची, "माका बाजाराक जावचा नव्हता."

आता सांगा, गळवाली मला आवडणार नाही तर कोणाला आवडेल?

सकाळी सगळे तयार झाले. पुतणीने नवा फ्रॉक घातला होता, नारळाला हळदकुंकू लावून मांडीवर घेऊन बसली होती. भाऊ होडीपाशी गेला आणि दोन मिनिटांत परत आला. इंजिनाला एक लाल, पिळाची दोरी अडकवायची असते. ती नसली तर इंजिन सुरूच होत नाही. दोरी जाग्यावर नव्हती.

"आक्का. दोरी खंय आसा?"

"गावाची नाय तुका. लपवन ठेवलंय."

"पाहुण्यांसमोर माझी शोभा करू नको हां! दी दोरी!"

"वासो धर. मग देतंय."

मग जे झालं ते कशाला सांगू. तो ओरडला, मी त्याच्या वर ओरडले, वहिनी मध्ये पडली तिलाही मी झाडली. पाहुणे बॅगा उचलून पलीकडच्या धक्क्यावर गेले आणि दुसऱ्याच कुणाच्या होडीतून फिरून आले. काही झालं नाही. डॉल्फिन दिसले, फोटो निघाले, पाहुण्यांची मुलं पिशव्या न्यायला आली तेव्हा माझ्या पुतणीला फोटो दाखवून गेली.

"बघलंस?" भाऊ म्हणाला. "गेले आणि इले. काय झाला?"

 ह्या कामाचं हेच तर आहे. नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणजे तुम्ही उगाच आडवे आलात. पलीकडच्या धक्क्याची वाट वेगळी, तिथला वासा आधीच धरला होता, हे मी सांगितलं. कोण ऐकतंय! दोरी मी तांदळाच्या पिंपातून काढून त्याच्यासमोर ठेवली, कारण पाहुणे गेले होते आणि त्या दिवसापुरता धोका टळला होता. तो ती उचलून खिशात घालून निघून गेला.

पुतणी दारात उभी होती. तो नारळ अजून तिच्या हातात होता.

"तूच ती गळवाली आसस," ती म्हणाली. "तुझो दगड होऊक होयो."

आठ वर्षांच्या पोरीचं बोलणं मनावर घेऊ नये, असं वहिनी म्हणाली. मी घेतलं. आत जाऊन भरपूर रडले. ती पोर माझ्या ताटात जेवते, माझ्या कुशीत झोपते. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. तिची वेणीसुद्धा वहिनी घालू लागली. टॅबवर मात्र तेच कार्टून लागत होतं, आणि आता आवाज मध्येच बंद पडायचा, परत मागे जायचा, परत बंद पडायचा. काय बघतेस, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वासा अजून धरला गेला नव्हता. एका सकाळी मी भांडी घासत असताना भावाच्या पायांचा आवाज आला. नवे पाहुणे नव्हते, काही नव्हतं. तो एकटाच तोंडाबाहेर जाऊन येणार होता, मला दाखवायला. तो होडीकडे चालला. दोरी आता तो उशाशी ठेवत असे. मी हात तसेच राखेचे घेऊन मागून धावले. ऊन लख्ख पडलं होतं, पाणी गुळगुळीत होतं, बाप गेला त्या दिवशी होतं तसंच.

होडीत चढून त्याने खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग माझ्याकडे बघितलं.

"आक्का. दोरी."

"माझ्याकडे नाय," मी म्हटलं. देवाशपथ नव्हती.

तेव्हा पुतणी मला दिसली. शाळेचा गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून ती वाळूत माडाला टेकून उभी होती. दोन्ही हात मागे. तोंड पांढरंफटक. भावाचं लक्ष अजून माझ्यावर होतं. तिच्या मागे लालसर काहीतरी चमकलं, आणि मला सगळं कळलं. मला आनंद व्हायला हवा होता. माझी बाजू कुणाला तरी पटली होती की! पण माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे आता हिलाही वाडी अवदसा म्हणणार, हिच्यावरही जन्मभर कुणीतरी ओरडणार.

"आसा," मी घाईने म्हटलं. "दोरी माझ्याकडेच आसा. खोटा बोललंय. काय करतलंस ता कर."

भाऊ उतरून माझ्याकडे आला. राखेने माखलेले माझे उघडे हात त्याने बघितले, मग माझ्या नजरेच्या मागे मागे जात मुलीकडे बघितलं. आता हा तिच्यावर हात उगारणार, असं मला वाटलं. 

"आयेसारखा तोंड केल्यान हा," तो हळूच म्हणाला.

मग त्याने होडीचा दोर माडाला परत बांधला. दोनदा गाठ मारली, आणि वासा कुणाच्या घरी आहे ते विचारायला वाडीत गेला. 

मी पोरीजवळ गेले. शाळेची रिक्षा येईल, चल, म्हटलं. ती हलेना. मूठ उघडून दोरी घ्यायला गेले तर तीही सोडेना, बोटं गार पडली होती. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, आणि बोलताना माझ्याकडे बघत नव्हती, खाडीच्या तोंडाकडे बघत होती. मीही बघितलं. मला ऊन दिसलं आणि पाणी.

"आते," ती म्हणाली, "ता काळा अजून थंयच आसा."