मायनं फक्त धूर पाहिला

चुंबक हवेत तरंगत होता आणि मी टेबलाखाली बसून सांडलेला चहा पुसत होते. चहा प्रयोग पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या हातून सांडला. फडकं माझ्या हातात आलं. तिथं आणखी दोन विद्यार्थी उभे होते. त्यांना कुणी फडकं दिलं नाही.

ज्या काळ्या गोळीवर तो चुंबक तरंगत होता, ती गोळी माझी. बटणाएवढी. अतिवाहक म्हणतात तिला. द्रव नायट्रोजनात बुडवली की तिच्यातून वीज अडथळ्याशिवाय वाहते आणि चुंबक तिच्यावर अधांतरी थांबतो. तेव्हा हे नवं होतं. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात तर जादूच. तीन भुकट्या मोजायच्या, खलात तासन्‌तास घोटायच्या, भट्टीत भाजायच्या, पुन्हा घोटायच्या, दाबून गोळी करायची, मग ऑक्सिजनमध्ये हळूहळू निवू द्यायची. घाई केली की नुसता खडा. अकरा वेळा खडा निघाला. बाराव्यांदा जमली. नायट्रोजनही मीच आणायची, सेलूच्या गुरांच्या दवाखान्यातून, एसटीनं. तिथं तो वळूचं वीर्य थंड ठेवायला असे. कंडक्टर विचारायचा, "बाई, डब्यात काय हाय?" मी सांगायची, "थंडी."

पाहुण्यांनी विचारलं, "गोळी कुणी केली?"

"आमच्या गटानं," माझे पीएचडीचे मार्गदर्शक सर म्हणाले. मग टेबलाखाली वाकून हसले. "ही घोटते. हिचा हात फार सुंदर चालतो. यांच्या लोकांच्या हातातच असतं ते, पिढ्यान्‌पिढ्यांचं."

आणि मी काय केलं? हसले. हातात फडकं, गुडघे ओले, आणि दात बाहेर. चोवीस वर्षांची घोडी, एमएस्सीला पहिली आलेली. आज ती पोरगी समोर आली तर तेच ओलं फडकं तिच्या तोंडावर मारीन. मग कदाचित जवळ घेईन. आधी फडकं.

एवढ्यावर थांबली नाही बावळट. शनिवारी घरी रोहण्याला गेली आणि मायला सांगितलं, सरांनी चारचौघांत माझं कौतुक केलं. शब्द न्‌ शब्द सांगितला.

माय कापूस वेचून आली होती. बोटांवर ओरखडे. ऐकत राहिली. मग म्हणाली, "माह्या मायलेबी पाटलीणबाई असंच म्हणे. तुह्या हातचं सारवण लय सुंदर. मरेपर्यंत त्याइचं आंगण सारवलं तिनं."

मी चिडले. हे विज्ञान आहे, शेण नाही, असं काहीतरी बोलले. पिशवीतून छापलेला शोधनिबंध काढून तिच्यापुढं टाकला. मायला वाचता येत नव्हतं.

"तुह्यं नाव कुठी हाय यात?"

मी पानं उलटली. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, आभारांच्या ओळीत. नमुने करायला मदत केल्याबद्दल.

"सगळ्याइच्या खाली काऊन? वर कोन हाय?"

"सर. अन् सरांचा पुतण्या."

पुतण्या प्रयोगशाळेत दोनदा आला होता. पहिल्यांदा भट्टी पाहून म्हणाला, गरम आहे. दुसऱ्यांदा तेही बोलला नाही.

"त्यानं घोटलं का?"

"नाई."

मायनं निबंधाची घडी घातली. हळू, धुतल्या लुगड्याची घालतात तशी. "मंग मले काऊन सांगून राह्यली? तुह्या सराले विचार."

परतताना आर्वीपर्यंत रडले. आर्वीत गाडी बदलली. पुढं नाही रडले.

सोमवारी सरांनी दिल्लीच्या पाहुण्यांसाठी चार नव्या गोळ्या मागितल्या.

"देते सर. पुढच्या निबंधावर पहिलं नाव माझं."

या वेळी सर हसले नाहीत. "तुला पीएचडी हवी आहे ना?"

"हवी आहे. घोटण्याची नको."

"मग प्रयोगशाळेची किल्ली ठेव."

ठेवली. एका हातानं. त्याच, सुंदर चालणाऱ्या. दुसऱ्या मुठीत बारावी गोळी होती. चोरी म्हणा.

मग समुद्रपूरच्या शाळेत शिकवलं. गोळी कागदात गुंडाळून फडताळात ठेवली. घरी गेले की माय म्हणायची, "मले दाखव ना एकदा. हवेत कसा राह्यते तो." पुढच्या हिवाळ्यात सेलूच्या त्याच दवाखान्यातून नायट्रोजन मागून घेतला आणि रोहणा गाठलं. अंगणात ताटली मांडली. गोळी ठेवली. नायट्रोजन ओतला. पांढराशुभ्र धूर. वर चुंबक ठेवला.

चुंबक बसला. उठलाच नाही.

या गोळीला ओल खाते. पहिल्याच महिन्यात हे कळतं. बाकीच्यांना मीच बजावायची, बरणीत कोरडी ठेवा म्हणून. आणि मी ती अख्खा पावसाळा कागदात ठेवली होती. इतकी मी हुशार.

माय खाली वाकली. मधे फट दिसते का, म्हणून बाजूनं पाहिलं. "थोडासा उठला वाटते," ती म्हणाली. खोटं. मग म्हणाली, "धूर त चांगला हाय."

नागपूरला नवे मार्गदर्शक मिळाले. पुन्हा पहिल्या घोटण्यापासून सुरुवात. पीएचडी हाती आली तेव्हा माय नव्हती. त्यानंतर शेकडो गोळ्या केल्या. मंत्र्यांपुढं चुंबक तरंगवले, शाळेतल्या पोरांपुढं तरंगवले. मायनं फक्त धूर पाहिला. मी घाबरून तो चहा पुसला नसता, फडकं टेबलावर ठेवून माझ्या नावाचं तेव्हाच विचारलं असतं, तर हाती किल्ली राहिली असती का? नसती. पण त्या शनिवारी मायला कौतुक नाही, ते विचारणं सांगितलं असतं.

परवा कॉलेजचं पत्र आलं. सरांच्या जन्मशताब्दीचा ग्रंथ निघतो आहे. सरांनी हात धरून वर आणलेल्या विद्यार्थिनींनी एखादी गोड आठवण लिहावी.

नात माझ्या शेजारी बसून हे टाइप करते आहे. मधेच थांबून म्हणाली, "आजी, हे छापतील का ते?"

"नाई छापणार."

"मग काऊन लिहून राह्यली?"

"तू टाइप कर."

तर संपादक महाशय, माझ्याकडं आठवण ही एकच आहे. एक ओळही कापायची नाही. कापायची असेल तर सगळं परत पाठवा, मी दुसरीकडं छापीन. लेखाच्या माथ्यावर माझं नाव येईल आणि त्याच्या शेजारी, त्याच टायपात, टाइप करणाऱ्या नातीचं. आणि आभाराच्या पानावर मला घालू नका. तिथं मी एकदा राहून आले आहे.