कादंबरीतली सून

लोणावळ्याच्या बसमध्ये कार्ल्याला चढणाऱ्या त्या बाई कॉलेजात मराठी शिकवत. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. मांडीवर जुनी कादंबरी असे आणि समोर वर्ग बसल्यासारखे त्यांचे ओठ हलत.

एकदा शेजारी जागा मिळाली, तेव्हा मी विचारलं, "मुलांना आवडतं का हो हे जुनं?"

"एकीला आवडायचं. भाजे गावची होती, बारावीतली. इतका छळ होऊनही कादंबरीतली सून सासर का सोडत नाही, असं मी विचारलं. सगळ्यांनी गाईडमधलं सांगितलं, ती सोशिक आहे म्हणून. ही उठून म्हणाली, 'बाई, जाईल कुटं ती? माहेरचे घेत्यात व्हय परत?' इतकं खरं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या."

"मग?"

"दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं. ते आधीच ठरलेलं आणि तिला नको होतं, हे मला नंतर कळलं." बाई पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. "ती स्वतःचं सांगत होती हो. मला वाटलं, तिला कादंबरी कळली."

लोणावळा आलं, बस रिकामी झाली.

"आज नव्या वर्गाला तोच भाग शिकवायचाय," त्या म्हणाल्या, पण जागेवरून उठल्या नाहीत.