बाद झालेला कोपरारक्षक

कॉलेजच्या मुलांचा कबड्डीचा सामना चालू होता. व्यावसायिक संघासाठी एक बचावपटू निवडायला आलेले अण्णा माझ्या शेजारी बसले होते. ज्याला बघायला ते आले होते, तो डाव्या कोपऱ्यातला दांडगा मुलगा एका हुलकावणीला भुलून बाद झाला आणि रेषेबाहेर जाऊन बसला.

"गेली बिचाऱ्याची संधी," मी म्हणालो.

"छे हो, आता तर बघायला लागलोय."

मीही बघू लागलो. बसल्या जागी त्याची टाच चढाईपटूच्या पावलांबरोबर सरकत होती. शेजारी कुणी नसताना उजवा हात साथीदाराच्या हाताची साखळी धरल्यासारखा अर्धवट मिटलेला होता. मुलाखतीत काय, लग्नाच्या बैठकीत काय, आपण माणूस जोखतो तो त्याच्या झेपेवरून. बाहेर बसवल्यावर तो कसा बसतो, हे कुठे कुणी बघतं?

त्याच्या संघाने समोरचा एक गडी बाद केला, तसा तो पुन्हा आत आला. पुढची चढाई सुरू होताच शेजारच्या साथीदाराने समोरची नजर न हटवता त्याच्याकडे हात लांबवला.

अण्णा उठून चपला शोधू लागले.

"अहो, त्याची उंची मोजायची राहिली ना?"

"मोजली की आत्ता," अण्णा म्हणाले, "त्या शेजारच्या पोरानं."