एका हाताचं टोपण

माझ्या हिरडीतून काढलेल्या सुईला टोपण घालताना ती दाढ काढायला आलेल्या शिकाऊ पोरीच्या बोटात घुसली. माझा अर्धा जबडा बधिर, तोंड उघडं. पोर हातमोज्यावरचं रक्त बघत उभी. मला एचआयव्ही आहे हे तिला ठाऊक होतं. ट्रकवरच्या नवऱ्यानं तो घरी आणला. नवरा गेला, आजार राहिला.

तिला शिकवणारा मास्तर म्हणजे जबलपुरातला सगळ्यात चक्रम माणूस. माझ्या नवऱ्याच्या दोस्ताचा मुलगा. दातांच्या कॉलेजात शिकवायचा, आणि टोपण फक्त एका हातानं लावायचं असतं, असं त्याचं ठाम मत होतं. सुईचं टोपण ताटलीत आडवं ठेवायचं, एका हातानं सुई त्यात सरकवायची, दुसरा हात पाठीमागे. इथवर ठीक. पण तो पेनचं टोपणही तसंच लावायचा. एका लग्नात आहेराच्या पाकिटावर नाव लिहून झाल्यावर तो टेबलावरच्या टोपणात पेन सरकवत बसला, मागे रांग खोळंबली. अधारतालला माझ्या घरी त्यानं याच नादात लोणच्याची बरणी फोडली. "काकू, हाताला सवय पाहिजे," म्हणाला, आणि काचाही एकाच हातानं वेचल्या.

माझ्यासारख्यांना सगळ्यात शेवटी बसवायची पद्धत त्यानंच मोडली. "काहून शेवटी? बाकीच्यांची हत्यारं कमी उकळता का?" असं पोरांना विचारायचा. दरवर्षी नवी पोरं माझ्याकडे चहाला आणायचा आणि कप कोण न पिता खाली ठेवतं ते बघायचा. मी म्हणायची, "मास्तर, साखर तुझा बाप देतो काय?" या पोरीच्या चहावर साय धरली होती. म्हणून माझी दाढ त्यानं मुद्दाम तिलाच दिली. भीतीनं ती सगळं विसरली आणि दोन्ही हातांनी टोपण लावायला गेली.

"दबाना नहीं, बेटा. साबुन लगा, नल के नीचे पकड़," मास्तर म्हणाला.

"सर, मैं तो गई."

"कहीं नहीं गई. चल, हेल्मेट पहन."

आजार लागू नये म्हणून गोळ्या लगेच सुरू कराव्या लागतात. त्यानं तिला स्कूटरवर मोठ्या दवाखान्यात नेलं. मी लाळ पुसत खुर्चीतच. परत येऊन त्यानं माझी दाढ स्वतः काढली. "घाई मी केली, काकू," एवढंच बोलला.

महिनाभर पोरीला गोळ्यांनी मळमळायचं. एकदा माझ्याकडे येऊन रडत बसली. म्हटलं, "काय रडून राहिली? तुझ्या महिन्याच्या आहेत, माझ्या जन्माच्या." पुढे तपासण्या होईपर्यंत मास्तर पेनला टोपण लावतच नव्हता. सगळ्या शर्टांच्या खिशांवर शाई. मी चिडवलं नाही.

शेवटची तपासणी चांगली निघाली. त्या दिवशी पोरीनं माझ्याकडे चहा मागून घेतला. मास्तर बघत होता, त्याचाच गार झाला.

आता ती नेपियर टाउनात दातांचा दवाखाना चालवते. मला सकाळी पहिली बसवते. सुईला टोपण लावताना दुसरा हात पाठीमागे नेते, तेव्हा मी डोळे मिटून घेते. मास्तर गेल्या थंडीत हृदयाच्या झटक्यानं गेला. त्याला कसलाच आजार नव्हता.

ती पोर जगली. मीही जगले.