ताईंच्या अंगणातलं पाणी

कोणतीही फाईल समोर आली की आमच्या ऑफिसातले काका आधी चष्मा पुसत आणि मग ती नोटपॅडमध्ये उघडत. "पाहू तं द्या, काय हाय आत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेलच.

बरगी धरणाचे दरवाजे उघडले तर पाणी कुठवर जाईल, हे संगणकावर आधीच वाहवून पाहायचं, हे आमचं काम. त्यातून निघणारे आकडे साध्या मजकुरात साठवले तर माणसाला वाचता येतात, पण फाईल फुगत जाऊन डिस्क भरते. बायनरी फाईल आटोपशीर असते, पण ती फक्त यंत्राला कळते. मी बायनरीवाली आणि काका मजकुराचे कट्टर. यावरून आमची रोज जुंपायची.

त्या वर्षी काका जरा जास्तच अस्वस्थ होते. त्यांची मोठी बहीण बरगीजवळच्या खेड्यात एकटी राहायची. ते गाव आमच्या गणितात आहे म्हटल्यावर त्यांनी ताईंना महाराजपूरला आपल्या घरी आणलं. निकाल कोरडा आला तरच परत सोडायचं, असं ठरवलं. काका विधुर, एकटेच राहणारे. ताईंनी आल्या आल्या त्यांची साखर बंद केली, टीव्हीचा ताबा घेतला आणि त्यांना पहाटे आंघोळीला पिटाळायला सुरुवात केली. निकाल कधी येतो, असं काका मला येता-जाता विचारत.

एकदाचं गणित संपलं. मी जेवून परतले, तर काका घामाघूम.

"बेटा, काय भरून ठेवलं होतं त्यात? चौकोन, बदाम, उलटे प्रश्नचिन्ह. सगळा कचरा साफ केला. आता फक्त आकडे हायेत."

तांदूळ निवडावेत तशी त्यांनी बायनरी फाईल निवडली होती, आणि वर सेव्हही केली होती. आठवडाभराचं गणित मातीत गेलं. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

राग उतरल्यावर गणित पुन्हा लावलं. या वेळी काकांसाठी मजकुराची एक छोटी फाईल वेगळी काढली. तिच्यात ताईंच्या गावाची एकच ओळ होती, आणि पाण्याची उंची शून्य. काकांनी ती बोट ठेवून वाचली आणि दुसऱ्याच दिवशी ताईंना बसमध्ये बसवून आले.

त्यानंतर ते चहात भरपूर साखर घालत आणि चहा तसाच निवू देत. एका दुपारी माझ्या टेबलाशी आले.

"बेटा, थोडंसं ओलं नाही का दाखवता येत? टोंगळ्याइतकं नको. तळपाय भिजन इतकंच."

"काहून, काका?"

"घर लई सुनं लागून राहिलं."

मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. आकडा काही मी बदलला नाही.

निवृत्त झाल्यावर काका घराला कुलूप लावून ताईंच्याच गावी राहायला गेले. त्यांच्या खुर्चीवर आता जुने प्रिंटर ठेवलेत. पावसाळ्याआधी मी त्या गावाची ओळ अजूनही मजकुरात काढते आणि यंदाही कोरडं आहे म्हणून फोन करते. काका नुसतं "अच्छा" म्हणतात. मागून ताई त्यांना कशावरून तरी रागवत असतात, आणि काकांना ते ऐकायचं असतं.