मामंजी आणि वीस मिनिटांचा खिमा

आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कुणी नुसतं सांगितलं म्हणून जगातली कुठलीही गोष्ट आजवर खरी मानलेली नाही. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले तर ते शेजाऱ्यांना किती वाजले विचारतात, आणि शेजाऱ्यांनीही सात सांगितले तर “ह्यांनी आपलंच बघून लावलं असंल” म्हणून आणखी अस्वस्थ होतात. औषधाच्या पाकिटावर दहा गोळ्या दहा फुगवट्यांत ठसठशीत दिसत असल्या तरी ते दुकानातच बोट ठेवून मोजतात. कलिंगड घ्यायचं असेल तर आधी कलिंगडाकडे बघतच नाहीत. विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतात. त्याने नजर चुकवली की पुढच्या गाडीवर जातात, आणि नजर चुकवली नाही तर “लई धीट हाय” म्हणून त्याच्याहून पुढच्या.

ह्याला त्यांचा स्वभाव जितका कारणीभूत आहे तितकीच त्यांची नोकरीही असावी. तीस वर्षं ते जकात नाक्यावर होते. शहरात येणारी मालमोटार अडवायची आणि कागदावर लिहिलाय तोच माल आत आहे का बघायचं, हे काम. बाकीचे लोक पोती उकलून बघत. मामंजी म्हणे नाकाने बघत. एकदा सरकी पेंडीचे कागद घेऊन एक गाडी आली, तर ह्यांनी हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, “आत येलदोडं हायत.” पोती उतरवली, आणि खरंच खालच्या थरात वेलदोडे निघाले. ही गोष्ट मी चाळीसेक वेळा तरी ऐकली असेल. दर वेळी वेलदोडे एकेक थर खाली जातात.

पण नाकाबद्दल मी शंका घेणार नाही, कारण त्याचा पहिला तडाखा मलाच बसला होता. मला बघायला आले तेव्हा माझ्या आईने पोहे केले होते. मामंजींनी बशी उचलली, नाकाशी नेली, आणि भर बैठकीत म्हणाले, “शेंगदानं परवा भाजल्यालं हायत.” आईचा चेहरा उतरला. माझे वडील मात्र सरळ माणूस, ते म्हणाले, “बरोबर आहे, परवाचेच आहेत.” मामंजींनी बशी रिकामी केली आणि माझ्याकडे न बघताच होकार देऊन टाकला. त्यांचं म्हणणं, मुलगी काय, कशीही असू दे. बाप खरं बोलतो हे कळलं, बास.

तर अशा माणसाच्या घरात, शुक्रवार पेठेत, मी कोरियन जेवण सुरू केलं. हौसेने नव्हे, नाइलाजाने. मी शाळेत गणित शिकवते. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी पोचेपर्यंत सव्वासहा होतात. नवरा मोहोळच्या नोकरीवरून आठपर्यंत येतो, मुलगी सई नववीत आहे आणि ती कायम भुकेलेली असते. आमटी, भाजी आणि भाकऱ्या असा बेत मांडला की दीड तास ओट्यापासून हलता येत नाही. एके दिवशी सईने मोबाइलवर एक कृती दाखवली. बारीक खिमा मोठ्या आचेवर परतायचा, त्यात लसूण, आलं, सोया सॉस, गूळ आणि कोरियन मिरचीची लाल पेस्ट घालायची, वरून तिळाचं तेल आणि कांद्याची पात, आणि हे सगळं गरम भातावर. बाजूला कुकरमध्ये इंद्रायणीचा भात लावला की वीस मिनिटांत जेवण तयार.

घोटाळा असा झाला की मोबाइलमधला माणूस त्या खिम्याला ‘बीफ’ म्हणाला, आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या मामंजींना तेवढा एकच शब्द नीट ऐकू गेला. ते दारात येऊन उभे राहिले.

“काय म्हनला त्यो?”

“आजोबा, त्यांच्याकडे तसं करतात. आपण बोकडाचा आणलाय,” सई म्हणाली.

“असंच म्हनत्यात,” मामंजी म्हणाले, आणि त्या रात्री शेंगाचटणी-भाकरी खाऊन उठले.

दुसऱ्या खेपेला ते स्वतः पिशवी घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या खाटकाकडे निघाले. मीही बरोबर गेले, कारण तो खाटीक आमचा वीस वर्षांपासूनचा होता आणि मला तो टिकवायचा होता. मामंजी फळकुटाला टेकून उभे राहिले आणि सुरा उचलल्यापासून ठेवेपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही. शेवटी खाटीकच म्हणाला, “काका, बोकडाचं शेपूट दावू का?”

“दाव की.”

त्याने खरंच दाखवलं. मामंजींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि “हितंच व्हतं, का दुसरीकडनं आनलंय?” असं विचारलं. तेव्हा मी त्यांना दंडाला धरून घरी आणलं.

पुढची हरकत वेळेची होती. वीस मिनिटांत खिमा शिजतोच कसा? ते खुर्ची घेऊन स्वयंपाकघरात बसले, आणि एकोणीस मिनिटांनी मी गॅस बंद केला तेव्हा “कुटं घाई लागली हुती?” म्हणाले. मग एक चमचा खिमा त्यांनी जिन्यातल्या मांजराला घातला आणि अर्धा तास त्याच्यासमोर पायरीवर बसून राहिले. मांजर मजेत होतं. दुसऱ्या दिवशी ते आणखी दोन मांजरांना घेऊन आलं. तिळाच्या तेलाची बाटली तर त्यांच्या डोळ्यांत खुपायची. “तीळ पितरांना घालत्यात. जित्या मानसाच्या भातावर कशाला?” ती बाटली उघडून ते कितीतरी वेळ नाकाशी धरून बसत आणि मग सईला जवळ बोलावून विचारत, “तुला कसला वास येतोय? नीट सांग.” सईने सांगितलं की थोड्या वेळाने तोच प्रश्न मला. दोघींची साक्ष ताडून बघतायत असं आम्हाला वाटायचं. “नाका अजून चालू आहे,” माझा नवरा म्हणायचा.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला खटकू लागली. इतक्या चौकशीनंतर ताटात पडलेला तो खिमा-भात मामंजी चाटूनपुसून संपवत. मी रविवारी दोन तास खपून केलेलं मटण ते अर्धं ठेवत, पुरणपोळीचा एक घास मोडून “बरं हाय” म्हणत, आणि हा संशयित भात मात्र दोनदा मागून घेत. मी बघतेय असं दिसलं की चमचा हळू करत. आता मीच त्यांच्यावर संशय घ्यायला लागले. हा माणूस काहीतरी लपवतोय एवढं नक्की होतं. काय, ते कळत नव्हतं.

ते एका बुधवारी कळलं. मी शाळेतून आले, लॅचमध्ये किल्ली फिरवली, दार उघडलं आणि गॅसचा वास भपकन अंगावर आला. स्वयंपाकघरात मामंजी ओट्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. पुढ्यात ताटलीत लसणाच्या सोललेल्या पाकळ्या होत्या. माझं काम हलकं व्हावं म्हणून त्यांनी आपणहून सोलल्या होत्या. शेगडीवरचं दूध उतू जाऊन खालची आच विझली होती, आणि बटण तसंच उघडं होतं. मी बघत असतानाच मामंजी विझलेली आच पेटवायला उठले. त्यांच्या हातात लायटर होता.

“मामंजी, लायटर खाली ठेवा!” मी इतक्या जोरात ओरडले की तो त्यांच्या हातून पडलाच.

“का? काय झालं?”

मी बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या आणि त्यांना ओढतच बाहेर गॅलरीत आणलं. सई शिकवणीहून पाच मिनिटांत येणार होती, हे एकच डोक्यात घुमत होतं.

“एवढा वास येतोय, तुम्हाला कळलं नाही?”

“कसला वा—” ते म्हणाले आणि थांबले. मग गॅलरीच्या कठड्याला धरून खाली रस्त्याकडे बघत राहिले.

तिकडेच बघत म्हणाले, “दोन वर्सं झाली. त्यो ताप आला हुता न्हवं, तवापासनं कायसुदिक येत न्हाय. मोगरा नाकात घातला तरी कळंना.”

“अहो, मग सांगायचं नाही का?”

“काय सांगू? नाक गेलं म्हनून? सूनबाई, मला दुसरं येत हुतं तरी काय?”

मग त्यांनी एकेक करून सगळं सांगितलं. तोंडात घातलेलं सगळं मातीसारखं लागतं. मटण, आमटी, पिठलं, फरक असतो तो घट्टपातळाचा. काय खातोय ते कळत नाही, म्हणून भीती वाटते. आणि भीती वाटते म्हणून विचारत राहतात. “तुमच्या त्या कोरियन भातात गोड कळतं, खारट कळतं, तिखट तर लईच कळतं. जिभंला तेवढंच उरलंय. म्हनून खातो.”

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू असे ओळखीचे वास घेत राहा. मामंजींनी डॉक्टरांना आधी स्वतःला लवंग हुंगायला लावली. स्वयंपाकघरात गॅसची सूचना देणारं यंत्र बसवलं, आणि ते झोपलेलं नाही ना म्हणून मामंजी दिवसातून तीनदा त्याचं बटण दाबतात. सगळा जिना आता त्या आवाजाला सरावला आहे.

आठवड्यातून दोनदा तरी तो भात होतोच. मामंजी लसूण सोलायला बसतात आणि वास मला सांगावा लागतो. माझं ह्यात काही चालत नाही. “लसणाचा लसणासारखा येतोय” म्हटलं तर ते चिडतात, “असा पंचनामा कुनी लिवतंय व्हय?” सई बरी, ती सांगते, गूळ विरघळला की यात्रेतल्या शेवचिक्कीच्या दुकानासारखा वास येतो, आणि सोया सॉस पडला की नवी पेठेत पावसात भिजलेल्या कापडाच्या गठ्ठ्यासारखा. ते ऐकताना मामंजी डोळे मिटून घेतात.

परवा सई नव्हती. तेल तापलं, मी लसणाची ताटली उचलली, तर ते म्हणाले, “थांब जरा.”

मी थांबले. मला वाटलं, लसणात काही निघालं.

“तुझी सासू फोडनी दिऊन भाईर आली की तिच्या पदराला वास यायचा. कामावरनं आलो की मी म्हनायचो, जा, आदी लुगडं बदलून ये.” सासूबाईंना जाऊन आठ वर्षं झाली, त्यांच्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. सोललेली एक पाकळी ते बोटांत फिरवत राहिले. “बदलून यायची बिचारी. एका शब्दानं कदी बोलली न्हाय.”

मी आच बारीक केली आणि लसूण तेलात सोडला. तो तांबूस होईपर्यंत वास कसा येतोय ते मी त्यांना सांगत राहिले.