चालवून कमावलेला बैल

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. पण थोरल्या दिरांनी केलेलं मी विसरले नाही, म्हणून लिहिते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आमच्या जोडीतला एक बैल मेला. माझ्या पाटल्या विकून आलेले सगळे पैसे दिरांनी घेतले आणि आपल्या गोठ्यातला एक बैल दिला. "दमदार शे," म्हणाले. नांगराला जुंपला तर घटकाभरात खाली बसला. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, पैसे परत मागितले, तेव्हा दीर चारचौघांत हसले. "इकेल बैल परत लेतस का, भाऊ? बायकोले जुप!"

मी दाराआड उभी होते. सगळं ऐकलं.

कोंबडी चिरताना मी पाहिलं होतं. दिवसभर चालणारी तंगडी लालसर असते, छातीचं मांस पांढरं. चालण्याने मांस असं वेगळं होत असेल, तर बैलाचंही होईल. मी पहाटे रिकामी गाडी जुंपून त्याला नदीपर्यंत चालवू लागले. पळवलं कधीच नाही. पुढे धरणगावपर्यंत, मग थोडं ओझं घालून. पोळ्यापर्यंत तो जाड झाला नाही, पण मांडी पिळलेल्या दोरासारखी हाताला लागायची. तोंडाला फेस येईना. चढावर धाप लागली तरी लगेच बसायची.

दिरांची जोडी पोळ्यात मिरवायची म्हणून सरकी खात दावणीला उभी असायची. अंगं चकचकीत. मी मनात म्हणायचे, खाऊ द्या.

दिवाळीनंतर आम्ही जळगावच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापूस घालून रिकामे परतत होतो. वाटेत दिरांची कापसाने भरलेली गाडी अडलेली, दोन्ही बैल जिभा काढून बसलेले, मागे आणखी गाड्या खोळंबलेल्या.

"भाऊ, तुन्ही जोडी दे," दीर म्हणाले. मालक लगेच जू सोडायला वाकले.

थोरल्या दिरांशी आमच्यात बोलत नाहीत. मी पदर पुढे ओढला आणि बैलाच्या कानाशी, पण मागच्या गाडीवाल्यांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, "बेटा, पहिले पाटल्यास्ना पैसा, मंग जू."

एक गाडीवाला दिरांकडे बघून खदखदून हसला. "आबा, बैल काय म्हणस?"

दिरांनी खाली बघून होकाराची मान हलवली. आमची गाडी बाभळीखाली सोडली. आमच्या जोडीने त्यांचं ओझं जळगावपर्यंत ओढलं, आणि त्यांची चकचकीत जोडी मागे दाव्याने बांधून चालली. मी वळून वळून बघत होते.

कापसाचा हिशेब होताच त्यांनी पैसे गाडीच्या धुरेवर ठेवले. बैल परत मागायचं तोंड त्यांना नव्हतं. मी एकेक नोट सावकाश मोजली, तोवर ते उन्हात उभे. पैसे पुरे भरले.